भारत आणि स्वीडन : मैत्री, जकात आणि काडेपेटी

दोन राष्ट्रांची मैत्री म्हटली म्हणजे वकिलातीवरील ध्वज, पाहुण्या मुत्सद्द्यांच्या गळ्यातील हार आणि मेजवानीनंतरची भाषणे एवढेच सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. हे सारे खोटे असते असे नव्हे. परंतु मैत्रीचा खरा जमाखर्च भाषणांत सापडत नाही. बंदरावरील जकातीचे दर, कारखान्याचे भागभांडवल आणि अखेरीस गृहिणीच्या हाती पडणाऱ्या वस्तूची किंमत यांत तो लिहिलेला असतो. तो कसा वाचावा, हे समजून घेण्यास भारत आणि स्वीडन या दोन देशांचे उदाहरण फार सोयीचे आहे. या दोहोंत कधी युद्ध झाले नाही आणि एकाने दुसऱ्यावर राज्य केले नाही. त्यामुळे व्यापाराचे पाणी येथे बरेचसे निर्मळ दिसते. शिवाय ही कहाणी वाचण्यास दूर स्टॉकहोमला जावयाचे कारण नाही; बदलापूरच्या शिरगावातून कल्याणच्या दिशेने निघावे, पुढच्याच स्थानकावर, अंबरनाथास, तिचे एक महत्त्वाचे प्रकरण घडलेले आहे. तेथील ‘विम्को नाका’ हे नाव त्याच प्रकरणाची खूण होय. वस्तू अगदी क्षुल्लक : काडेपेटी.

प्रथम काडेपेटी आणि स्वीडन यांचे नाते पाहावयास हवे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या काड्या युरोपात विकल्या जात, त्यांच्या टोकास पांढरा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लावलेला असे. ती काडी कोठेही घासली तरी पेटे. खिशात पेटे, गाडीत पेटे. त्याहून भयंकर गोष्ट अशी, की कारखान्यात त्या स्फुरदाच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या जबड्याचे हाड कुजत जाई. १८४४ साली गुस्ताव एरिक पाश या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने यावर युक्ती काढली. पेट घेणारी द्रव्ये त्याने दोन ठिकाणी विभागली : काडीच्या टोकास पोटॅशियम क्लोरेटाचे मिश्रण आणि पेटीच्या बाजूस निरुपद्रवी असा तांबडा स्फुरद. दोहोंची गाठ पडल्यावाचून ज्वाला नाही. योन्शपिंग या गावच्या लुंडस्ट्रम बंधूंनी ही काडी व्यवहारात आणली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगापुढे मांडली. पुढे १८६४ च्या सुमारास अलेक्झांडर लागरमान या यंत्रज्ञाने काड्या भरण्यापासून टोके बुडविण्यापर्यंतची कामे करणारी यंत्रे तयार केली. अ‍ॅस्पेन वृक्षाचे पांढरे, मऊ, सरळ धाग्यांचे लाकूड स्वीडनच्या अरण्यांत विपुल होते. रसायन, यंत्र आणि लाकूड ही तिन्ही एका जागी आली आणि लोकसंख्येने लहान असलेला तो देश जगाच्या चुलींना अग्नी पुरवू लागला. पांढऱ्या स्फुरदाच्या काड्यांवर १९०६ च्या बर्न येथील करारान्वये अनेक राष्ट्रांनी बंदी घातली. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली झाला. त्यानंतर सुरक्षित काडीस प्रतिस्पर्धी उरला नाही.

हिंदुस्थानच्या बाजारात स्वीडिश काडेपेटी बोटीने येत असे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने युरोपातील माल येण्यास अडथळा झाला आणि ती जागा जपानने बळकावली. येथपर्यंतचा व्यवहार सरळ होता : माल परदेशी, गिऱ्हाईक येथले आणि मधली जकात सरकारची. हा सरळपणा मोडला तो सरकारच्या रिकाम्या तिजोरीने. युद्धानंतरची तूट भरून काढण्यासाठी सरकारने आयात काड्यांवरील जकात वाढवीत नेली आणि १९२२ साली ती दर ग्रोसास दीड रुपया केली. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या. दीड रुपयाचे चोवीस आणे आणि चोवीस आण्यांच्या २८८ पै. म्हणजे दर पेटीमागे दोन पै. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु त्या काळी ही जकात मालाच्या मूळ किमतीच्या तोडीची, किंबहुना तीहून जड होती.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. जकात दोन हेतूंनी बसते. एक हेतू महसुलाचा : माल येत राहावा आणि त्यावर पैसा मिळत राहावा. दुसरा हेतू संरक्षणाचा : परदेशी माल महाग व्हावा आणि तो येथेच तयार करण्याची उमेद देशी कारखानदारास वाटावी. हे दोन हेतू एकमेकांचे वैरी आहेत. संरक्षण यशस्वी झाले की आयात थांबते. आयात थांबली की महसूल बुडतो. १९२२ ची काड्यांवरील जकात महसुलासाठी बसविलेली होती. परंतु ती इतकी जड होती की तिने काम मात्र संरक्षणाचे केले. त्याच वर्षी मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुला यांच्या अध्यक्षतेखालील आर्थिक मंडळाने देशातील उद्योगांना पारखून, निवडून संरक्षण द्यावे अशी शिफारस केली आणि १९२३ साली त्यासाठी टॅरिफ बोर्ड नेमले गेले. हिंदुस्थानचे परराष्ट्र धोरण तेव्हा लंडनच्या हाती असले, तरी आपल्या बंदरावर काय जकात घ्यावी याबाबत दिल्लीस काहीसा वाव मिळू लागला होता.

उंच भिंत बांधली की बाहेरच्या व्यापाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : परत फिरणे, अथवा भिंतीच्या आत येऊन दुकान मांडणे. स्वीडनमध्ये काड्यांचे कारखाने १९१७ साली ईव्हार क्रूगर या उद्योगपतीने एका छत्राखाली आणले होते. त्याच्या स्वीडिश मॅच कंपनीने दुसरा मार्ग धरला. १९२३ साली मुंबईस वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विम्को, स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या कारखान्यांत अंबरनाथच्या कारखान्याची गणना होते. कलकत्ता, बरेली आणि मद्रास या बाजूंसही तिचे कारखाने झाले.

अंबरनाथच का, याचे उत्तर नकाशा देतो. कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारी आगगाडी १८५६ सालीच खोपोलीपर्यंत पोहोचली होती आणि १८६३ साली घाट ओलांडून तिने मुंबईस पुण्याशी व दक्षिणेशी जोडले होते. मुंबई बंदर जवळ. त्यामुळे बोटीने येणारे अ‍ॅस्पेनचे ओंडके, यंत्रे आणि रसायने उतरवून घेणे सोपे. तयार माल देशभर पाठविण्यास तोच लोहमार्ग. मुंबई शहरातील जागेची टंचाई येथे नव्हती. उल्हास नदीचे खोरे पाण्याने समृद्ध होते आणि भोवती बदलापूर, कुळगाव, शिरगाव यांसारखी गावे भातशेतीवर जगत होती. भाताचे पीक पावसाळ्याचे. उरलेले महिने हातांना काम नाही. अकराव्या शतकातील शिलाहारांच्या शिवालयासाठी ओळखले जाणारे हे गाव अशा रीतीने कारखान्याच्या भोंग्यासाठीही ओळखले जाऊ लागले.

आता व्यापाराच्या स्वरूपात काय पालट झाला तो पाहावा. पूर्वी स्वीडनहून माल येत असे. आता भांडवल आणि विद्या येऊ लागली. मजुरी येथे राहू लागली, कसब येथल्या हातांना लाभू लागले. परंतु नफा आणि मालकीचा निर्णय समुद्रापलीकडेच राहिला. हे चांगले की वाईट, या प्रश्नावर त्या काळी मोठा वाद माजला. देशी कारखानदारांची तक्रार अशी, की जकातीची भिंत ज्यांच्यापासून रक्षण व्हावे म्हणून हवी, तेच भिंतीच्या आत येऊन बसले. त्यांच्यापाशी अमाप भांडवल आहे, ते काही काळ तोट्यात विकू शकतात आणि लहान कारखाने मोडून पडले की मग भाव चढवतील. कंपनीच्या पक्षाचे उत्तर असे, की काम करणारा कामगार हिंदी आहे, पेटी स्वस्त व चांगली आहे, मग तक्रार कशाची? टॅरिफ बोर्डापुढे १९२६ पासून हा प्रश्न गेला आणि १९२८ साली कायद्याने काड्यांवरील जकात उघडपणे संरक्षक ठरविण्यात आली. परंतु जकात ही मालाला अडवते, मालकाला नव्हे. आतल्या आत चाललेल्या झुंजीत तिचा लहान कारखानदारास काही उपयोग नव्हता.

त्या झुंजीत देशी उद्योग नष्ट झाला असता तर ही कहाणी दुःखान्त ठरली असती. तसे झाले नाही आणि त्याचे श्रेय दूरच्या एका कोरडवाहू गावाकडे जाते. १९२२ साली तमिळनाडूतील शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे दोघे कलकत्त्यास जाऊन काड्या करण्याची कला शिकून आले आणि पुढल्याच वर्षापासून शिवकाशीस तो धंदा सुरू झाला. त्यांनी यंत्राशी यंत्राने झुंज दिली नाही. जेथे पाऊस बेभरवशाचा होता आणि हात रिकामे होते, तेथे त्यांनी काम घरोघर वाटून दिले. म्हणजे अंबरनाथचे यंत्र आणि शिवकाशीचा हात या दोहोंचा जन्म एकाच जकातीच्या पोटी झाला. सरकारने १९३४ साली देशात तयार होणाऱ्या काड्यांवरही अबकारी कर बसविला आणि अशा रीतीने आयात घटल्याने बुडालेला महसूल दुसऱ्या दाराने परत आणला. स्वातंत्र्यानंतर या कराचे दर यंत्रासाठी चढे आणि हातकामासाठी उतरते ठेवण्यात आले. जे काम जकातीस साधले नव्हते, ते अबकारी कराने साधले.

क्रूगरचे इतर देशांतील व्यवहार याशी ताडून पाहण्यासारखे आहेत. युद्धाने कंगाल झालेल्या सरकारांना तो कर्ज देई आणि बदल्यात त्या देशातील काड्यांचा मक्ता किंवा सवलती घेई. १९२७ साली फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर आणि १९२९ साली जर्मनीस साडेबारा कोटी डॉलर देण्याचे करार त्याने केले. एका काडेपेटीच्या व्यापाऱ्याने राष्ट्रांना कर्जे द्यावीत, ही त्या दशकाची अपूर्व घटना होती. हिंदुस्थानात असा मक्ता त्याला मिळाला नाही. येथे त्याला कारखाने काढूनच बाजार जिंकावा लागला. १९३२ च्या मार्च महिन्यात पॅरिस येथे त्याचा अंत झाला. त्याने आत्महत्या केली असे ठरले. आणि त्याच्या हिशेबांची तपासणी होताच खोटे रोखे आणि फुगविलेले आकडे बाहेर पडले. स्वीडनची अर्थव्यवस्था हादरली. परंतु अंबरनाथची यंत्रे थांबली नाहीत. यातून एक गोष्ट स्पष्ट होते : कर्ज आणि मक्ता यांवर उभारलेला संबंध माणसाबरोबर कोसळतो, जमिनीत पाया घातलेला आणि कामगारांच्या कसबावर उभा असलेला संबंध मालकाच्या पडझडीतूनही तरून जातो.

१९४७ नंतर हे दोन देश प्रथमच बरोबरीच्या नात्याने समोरासमोर आले आणि १९४८ पासून त्यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. दोघांचाही लष्करी गटांपासून दूर राहण्याकडे कल होता. लोकशाही आणि समाजवादी वळणाची अर्थनीती यांविषयी दोघांनाही ओढ होती. १९५५ पासून १९६१ पर्यंत आल्वा मिर्डाल या विदुषी दिल्लीस स्वीडनच्या राजदूत होत्या. त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल, यांनी दक्षिण आशियातील दारिद्र्याविषयी लिहिलेला विस्तृत ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. १९५७ साली पंडित नेहरू स्वीडनला गेले. १९७२ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी भाषण केले. परदेशच्या सरकारप्रमुखांपैकी त्या परिषदेस उपस्थित राहणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

स्नेहाच्या याच काळात भारताने परदेशी भांडवलाचे लगाम मात्र आवळले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांचा हिस्सा सामान्यतः ४० टक्क्यांवर आणण्याचा दंडक घातला. यात विरोध वाटण्याचे कारण नाही. समान राष्ट्रांची मैत्री ही एकमेकांच्या कायद्यांना मान देण्यानेच टिकते. स्वीडनच्या उद्योगांनीही ते ओळखले. पुण्याजवळ दापोडी आणि चिंचवड येथे सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को, एस.के.एफ. यांसारख्या कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. पोलाद कापण्याची हत्यारे, दाबयंत्रे आणि बेअरिंगे महाराष्ट्रात होऊ लागली. काडेपेटीपासून सुरू झालेली वाट अशी यंत्रांच्या अंतरंगापर्यंत गेली.

या मैत्रीस ग्रहणही लागले. १९८६ च्या मार्चमध्ये भारताने बोफोर्स कंपनीकडून १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफा सुमारे १,४३७ कोटी रुपयांस घेण्याचा करार केला. १९८७ च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या नभोवाणीनेच या व्यवहारात लाच दिली गेल्याचे वृत्त दिले आणि भारताचे राजकारण ढवळून निघाले. तोफा नंतर १९९९ च्या कारगिल युद्धात उपयोगी पडल्या; परंतु माल चांगला असणे आणि सौदा स्वच्छ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा दोन्ही देशांना महागात मिळाला. त्यातही एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. आपल्याच देशाच्या कंपनीविरुद्धचे वृत्त प्रसिद्ध करणारी नभोवाणी ज्या समाजात आहे, त्याच्याशी केलेली मैत्री अधिक विश्वासार्ह मानावयास हरकत नाही.

हातकामास दिलेल्या सवलतीचीही एक काळी बाजू होती. काड्यांच्या घरगुती धंद्यात लहान मुलांचे हात राबू लागले आणि १९८६ च्या बालकामगार कायद्यास काड्यांचे उत्पादन हे मुलांना वर्ज्य अशा कामांच्या यादीत घालावे लागले. देशी धंदा राखणे हे उद्दिष्ट योग्यच; पण त्याची किंमत कोणाकडून घेतली जाते, हा प्रश्न संरक्षणाच्या प्रत्येक योजनेस विचारलाच पाहिजे.

१९९५ साली स्वीडन युरोपीय संघात सामील झाला. तेव्हापासून त्याच्या बंदरावरील जकात स्टॉकहोम ठरवीत नाही, सारा संघ मिळून ठरवितो. त्यामुळे भारतासही जकातीची बोलणी ब्रुसेल्सशीच करावी लागतात. २००७ साली सुरू होऊन २०१३ साली थंडावलेल्या या वाटाघाटी २०२२ साली पुन्हा हाती घेण्यात आल्या. दोन राजधान्यांतील संबंध मात्र निराळ्या विषयांवर चालू राहिले. २०१९ साली पोलाद, सिमेंट यांसारख्या उद्योगांतील धूर कमी करण्यासाठी भारत व स्वीडन यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान परिषदेत एक संयुक्त उपक्रम सुरू केला.

विम्कोची मालकी मात्र फिरली. २००५ साली स्वीडिश कंपनीने आपला हिस्सा आय.टी.सी. या भारतीय कंपनीच्या समूहास विकला आणि यथावकाश विम्को तिच्यात विलीन झाली. अंबरनाथचा कारखानाही आज चालू नाही. परदेशी भांडवलाने आरंभिलेला उद्योग स्वदेशी हाती आला. परंतु ज्या गावाने त्याला पाणी, जमीन आणि पिढ्यान् पिढ्यांचे श्रम दिले, तेथे त्याचे नाव तेवढे उरले. मालकी कोणाची, या प्रश्नाइतकाच काम कोठे राहिले, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, हे अंबरनाथ-बदलापूरच्या रहिवाशांना कोणी नव्याने सांगावयास नको.

आणि तरी वर्तुळ मोठे चमत्कारिक रीतीने पुढे सरकले आहे. १९२६ साली जन्मलेला ईंग्वार काम्प्राड हा स्वीडिश मुलगा लहानपणी ठोक भावाने काडेपेट्या आणून शेजाऱ्यांस किरकोळीने विकीत असे. त्यानेच पुढे आयकिया ही फर्निचरची पेढी काढली. तिचे भांडार २०२० च्या डिसेंबरात ठाणे जिल्ह्यातच, नवी मुंबईतील तुर्भे येथे, उघडले. २०१२ साली अशा परदेशी दुकानांना परवानगी देताना भारत सरकारने अट घातली होती, की ३० टक्के माल भारतातूनच खरेदी केला पाहिजे. १९२२ च्या जकातीने जे नकळत घडविले, तेच २०१२ च्या अटीने जाणून-बुजून मागितले : बाजार हवा असेल तर काम येथे द्या.

दोन मित्रराष्ट्रांचे संबंध या दृष्टीने पाहिले म्हणजे भाषणांपेक्षा चार प्रश्न अधिक उपयोगी पडतात. माल येतो की विद्याही येते? नफ्याबरोबर कसब येथे मुरते की नाही? लहान उद्योगास जगण्यास जागा उरते की नाही? आणि व्यवहार चव्हाट्यावर मांडता येण्याजोगा आहे की नाही? ज्या संबंधास या चारही प्रश्नांची उत्तरे देता येतात, तीच मैत्री. पाशच्या सुरक्षित काडीत एक गुण आहे : तिचे अर्धे द्रव्य काडीवर असते, अर्धे पेटीवर, एकटी काडी पेटत नाही आणि एकटी पेटीही प्रकाश देत नाही. राष्ट्रांच्या व्यापारासही हाच न्याय लागू पडतो.